सात नंबरचं झाकण

धाकटा दीर हॉस्पिटलमधून घरी आला तो छातीशी वर्तमानपत्र धरून. खुर्चीत बसला तरी धरलेलं, पाणी प्यायला तरी धरलेलं. त्याच्या बायकोच्या पायाचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे तो चार दिवस हॉस्पिटलमध्येच राहत होता. कपडे बदलायला तेवढा घरी यायचा. पण आज त्याचं लक्षण काही ठीक दिसेना. शेवटी सासूबाईंनी विचारलं, "अरे, त्या पेपरात एवढं आहे तरी काय, की छातीपासून सुटत नाही?" आणि पेपर ओढलाच.

खाली पांढऱ्या शर्टावर वीतभर कॉफीचा डाग. वरची दोन बटणं उघडी, आणि मधली कातडी लालभडक.

"कुठे सांडलीस?"

"कँटीनमध्ये." वहिनीकडे बघायचं टाळत तो म्हणाला. "म्हणजे झाकण होतं कपावर. पण सांडली."

सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "घरातली सून झाकणं बनवते आणि दिराच्या अंगावर कॉफी! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच."

वहिनी दारातच उभी राहिली. ती खरंच झाकणं बनवायची. कागदी कपांवर बसतात ती पातळ प्लास्टिकची झाकणं, ज्यांना घोट घ्यायला एक छोटं भोक असतं. एका कारखान्यात गेली अकरा वर्षं ती त्यांचे आराखडे काढत होती. तिथे सगळे तिला झाकणबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा, आणि तिला त्याचं काही वाटायचं नाही.

"झाकण कुठलं होतं?" तिने विचारलं. "भोकाशेजारी बारीक आकडा असतो बघ."

"वहिनी, मला भाजलंय. मी काय आकडे वाचत बसू?" असं म्हणाला खरा, पण मग त्याने पँटच्या खिशात हात घातला आणि झाकण काढून तिच्या हातात दिलं. "तुझंच आहे. म्हणून तर सांगणार नव्हतो."

सात नंबर.

सात नंबरवर तिने दोन वर्षं घालवली होती. तीनच महिन्यांपूर्वी ते बाजारात गेलं होतं. कप हलवा, धक्का मारा, आडवा करा, सात नंबरमधून भोकाखेरीज कुठूनही थेंब बाहेर येत नाही, अशी त्याची ख्याती होती. निदान कारखान्यात तरी होती.

दिराच्या छातीवर गार पाण्याच्या पट्ट्या ठेवून झाल्यावर ती ते झाकण घेऊन ओट्यापाशी गेली. उजेडात धरलं. तडा नाही, कड वाकलेली नाही. घरात नमुन्याचे कप पडलेलेच असायचे. त्यातला एक घेऊन त्यात गरम पाणी भरलं, झाकण बसवलं आणि कप कलता केला. भोकातून पाण्याची धार आली, कडेला थेंबसुद्धा नाही. पुन्हा केलं. पुन्हा कोरडं. नवऱ्याच्या हातात कप दिला, त्यानेही कलता करून बघितला.

"झाकण उत्तम आहे," नवरा म्हणाला. "हाच हलला असेल. लहानपणापासून धांदरट आहे."

"मी हललो नाही!" आतून दीर ओरडला. "मी नुसता घोट घेत होतो!"

त्या रात्री तिच्या मनातून ते काही जाईना. दीर धांदरट होता हे खरं, पण तो खोटं बोलणारा नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिने साहेबांकडून तक्रारींची फाइल मागून घेतली. तीन महिन्यांत तेवीस तक्रारी. झाकणं लाखांनी खपतात, त्या मानाने तेवीस म्हणजे काहीच नाही, असं साहेब म्हणाले आणि त्यात चूक नव्हती. पण ती पत्ते वाचत गेली आणि गोंधळत गेली. तेविसातल्या एकोणीस तक्रारी एकाच ठिकाणच्या होत्या, त्याच हॉस्पिटलच्या कँटीनच्या. उरलेल्या चार चार दिशांच्या.

तीच झाकणं, त्याच खोक्यातली, चाळीस ठिकाणी गेली होती. कपही सगळीकडे तेच. मग एकाच कँटीनने काय पाप केलं होतं? कॉफी जास्त उकळती असेल? पण उकळत्या कॉफीने भाजेल जास्त, सांडेल कशी जास्त?

ती चाचणीच्या खोलीत गेली. तिथे मामा बसायचे. मामा म्हणजे कोणाचे सख्खे मामा नव्हेत. तीस वर्षं त्या कारखान्यात काढलेला, सगळ्या झाकणांची परीक्षा घेणारा माणूस. निवृत्तीला दोन महिने उरलेले. चष्मा कपाळावर, पेन्सिल कानावर.

"मामा, सात नंबरची पुन्हा चाचणी घ्यायचीय. दोनशे कप."

"पुन्हा?" मामांनी चष्मा खाली ओढला. "पोरी, पास झालेल्या मुलाला पुन्हा परीक्षेला बसवतात का?" पण लगेच कामालाही लागले. दोनशे कपांत गरम पाणी भरलं, दोनशे झाकणं स्वतःच्या हाताने लावली, एकेक कप यंत्राच्या चिमट्यात दिला. यंत्र कप कलता करायचं, सरळ करायचं, पुन्हा कलता करायचं. संध्याकाळपर्यंत दोनशेच्या दोनशे कप कोरडे.

"झाकणात दोष नाही," मामा हात पुसत म्हणाले. "दोष असलाच तर माणसांत आहे. त्यांची दुरुस्ती आपल्याकडे होत नाही."

एरवी ती हसली असती.

मग तिने दोन दिवसांची रजा टाकली आणि कँटीनमध्ये जाऊन बसली. जिन्याखालची लांबट खोली, सहा टेबलं, एका टोकाला काउंटर. काउंटरवर एकटीच बाई होती, जिला सगळे ताई म्हणायचे. सडपातळ, केसांना जाळी, एप्रनला एक सुरकुती नाही. साखरेच्या पुड्या, काड्या, कागदी रुमाल सगळं ओळीत लावलेलं. झाकणबाईला वाटलं होतं, एखादी घाईगर्दीची, झाकण अर्धवट टेकवून कप पुढे ढकलणारी बाई असेल आणि कोडं तिथेच सुटेल. ते तसं सुटलं नाही. ताई प्रत्येक झाकण दोन्ही अंगठ्यांनी कडेकडेने दाबत न्यायची, 'टक्' आवाज आल्याशिवाय सोडायची नाही. इतक्या निगुतीने झाकण लावताना तिने आजवर फक्त मामांना बघितलं होतं.

आणि तरी सांडत होतं! सकाळच्या दोन तासांत तिने डोळ्यांनी नऊ जण मोजले. घोट घ्यायला कप तोंडाला लावला की कडेवरून एक तांबूस ओघळ हनुवटीवर, तिथून शर्टावर. बहुतेक जण पुसून गप्प बसले. कोणाचा भाऊ आत होता, कोणाची आई; शर्टाचं दुःख करायला सवड कोणाला होती? एक गृहस्थ मात्र उलट काउंटरपाशी आले.

"ओ ताई, साधं झाकण लावता येत नाही तुम्हाला?"

ताईचा चेहरा उतरला. "माफ करा. दुसरी देते." आणि दुसऱ्या कपावरचं झाकण तिने आणखी जीव लावून दाबलं.

झाकणबाईचं डोकं चालेनासं झालं. जी सगळ्यात नीट लावते, तिच्याच हातचं सांडतं. हे म्हणजे जो सगळ्यात जास्त अभ्यास करतो तोच नापास.

दुपारी गर्दी ओसरल्यावर ती काउंटरपाशी गेली, आपण कोण ते सांगितलं, आणि तासभर तुमच्या जागी मी उभी राहू का, असं विचारलं. ताईने तिच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मग दुसरी एक जाळी काढून दिली. "केस बांधा आधी."

त्या तासात झाकणबाईने चाळीस कप दिले. एकही गळला नाही.

झालं ते चांगलं झालं असं कोणाला वाटलं असतं, पण झालं भलतंच. ताई बाजूच्या स्टुलावर मटकन बसली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "म्हणजे माझ्याच हाताला गुण नाही," ती म्हणाली. "तेच झाकण, तोच कप. तुमच्या हातचं गळत नाही, माझ्या हातचं गळतं."

"असं काही नसतं हो," झाकणबाई म्हणाली. पण मग कसं असतं ते तिलाही सांगता येईना. हातात काय असतं? तिने ताईला पुन्हा चार कप लावायला सांगितले आणि वाकून, अगदी नाक कपाला लागेल इतक्या जवळून बघितलं. दाब बरोबर, आवाज बरोबर. तिला काहीच दिसलं नाही.

"मी तर पहिल्या तक्रारीपासून किती काळजी घेतेय," ताई एप्रनच्या टोकाने डोळे टिपत म्हणाली. "बघा ना. रेघेवर भोक, भोकासमोर गिऱ्हाईक. एकदाही चुकत नाही."

"कुठली रेघ?"

"ही काय." ताईने कप फिरवला. कागदी कप म्हणजे गुंडाळलेला कागद. त्याची दोन टोकं जिथे एकावर एक चिकटवतात तिथे वरपासून खालपर्यंत उभी शिवण असते. ताईचं बोट त्या शिवणीवर होतं. "कपावर खूण कंपनीनेच केलीय ना? झाकणाचं भोक इथे आणायचं म्हणून? नाहीतर ही रेघ कशाला ठेवली असती?"

झाकणबाईने एक कप घेतला, भोक शिवणीवर आणून झाकण दाबलं आणि कप मोरीवर कलता केला. शिवणीच्या डाव्या अंगाला, झाकणाच्या कडेखाली, एक थेंब फुगला. मोठा झाला. ओघळला. त्यामागून दुसरा.

तिने कप अर्धा फिरवून भोक शिवणीच्या बरोबर विरुद्ध बाजूला आणलं. कोरडं.

शिवणीपाशी कागद दुहेरी असतो, त्यामुळे कपाच्या गोल कडेला तेवढ्या जागी केसाएवढी पायरी पडते. झाकणाची खाच तिथे घट्ट बसत नाही, शेजारी फट राहते. शिवण मागे असेल तर कप कलता केला तरी ती वर, कोरडी राहते. पुढे असेल तर कॉफी थेट तिच्यावर येऊन थबकते. अकरा वर्षं झाकणं करणाऱ्या बाईला हे आज, मोरीपाशी उभं राहून कळत होतं.

कळलं, आणि लगेच दुसरा गोंधळ उभा राहिला. हे जर असं असेल, तर कारखान्यात दोनशेतला एकही कप का गळला नाही? शिवण कुठे येईल ते तर दैवावर असायला हवं. दोनशेत चार-दोन तरी तिथे यायला हवे होते. आणि परवा घरी ओट्यापाशी? आज या तासाभरात? तिचा स्वतःचा हात चाळीस वेळा बरोबरच कसा पडला?

ताईला तिने सगळं समजावून सांगितलं. तिला वाटलं, बाईच्या मनावरचं ओझं उतरेल. पण ताई संतापली.

"तीन महिने मी बोलणी खाल्ली. आणि का, तर मी नीटनेटकी आहे म्हणून?"

"नाही, तसं नाही..."

"मग आता काय, वेंधळेपणाने लावू?"

"शिवण मागे ठेवायची. एवढं लक्षात ठेवलंत की झालं."

ताईने ओळीतला एक रुमाल उचलून पुन्हा ओळीत ठेवला. "झाकणं तुम्ही बनवता ना? मग लक्षात मी का ठेवायचं?"

घरी जाताना झाकणबाईला आपला रस्ताही धड आठवेना, दोन वळणं पुढे जाऊन परत फिरावं लागलं.

दुसऱ्या दिवशी, रजा असूनही, ती चाचणीच्या खोलीत गेली आणि मामांच्या शेजारी बसली. मामा दुसऱ्याच कुठल्या झाकणाच्या परीक्षेत गढले होते. त्यांनी कप उचलला, पाणी भरलं, झाकण घेतलं. आणि झाकण टेकवायच्या आधी डाव्या हाताने कपाला अर्धा वळसा दिला. पुढचा कप, पुन्हा वळसा, या वेळी पाव. पुढचा, वळसा नाहीच, कारण त्याची शिवण आधीच मागे होती.

"मामा, तुम्ही कप का फिरवता?"

"कुठे फिरवतो?"

"आत्ता फिरवलात."

मामांनी स्वतःच्या हाताकडे असं बघितलं, जणू तो दुसऱ्या कोणाचा तरी आहे. पुढचा कप घेतला. हात वळला. मामा थांबले.

"अरेच्चा," ते म्हणाले. मग जरा विचार करून, "शिवण समोर कशी ठेवणार पण? सदरा उलटा घालून कोणी बाहेर पडतं का?"

"हे कुठे लिहून ठेवलंय?"

"असलं कोणी लिहितं का, पोरी?"

तिने त्यांना हॉस्पिटलची हकीकत सांगितली. ऐकताना मामांनी चष्मा काढला, पुसला, घातला, पुन्हा काढला. आपणही झाकण लावायला याच माणसाकडून शिकलो, अकरा वर्षांपूर्वी, याच खोलीत, हे तिला सांगता सांगता आठवलं. त्यांच्या हातातला वळसा तिच्या हातात कधी उतरला ते दोघांनाही माहीत नव्हतं.

"म्हणजे सात नंबर पास झालं," मामा हळूच म्हणाले, "ते माझ्या हातामुळे. झाकण कच्चंच होतं."

ती नाही म्हणणार होती. हो म्हणणार होती. यातलं काय खरं ते तिलाच कळेना. मामांनी तीस वर्षं काम चोख केलं होतं आणि त्यामुळेच दोष दिसला नव्हता. ताईने चोख केलं होतं आणि त्यामुळेच दोष दिसला होता. मग चुकलं कोण? आराखड्यावर सही मात्र तिची एकटीची होती.

साहेबांना सगळं सांगितल्यावर त्यांचा चेहरा उजळला. "अहो मग प्रश्न मिटला! त्या बाईला सांगा, शिवण मागे."

"तिला सांगितलंय. पण बाकी ठिकाणी शिवण कुठेही येते. चार तक्रारी आल्यात. शर्ट पुसून गप्प बसलेले किती, ते कोणाला माहीत?"

"मग झाकणावर छापू. 'शिवण मागे ठेवा.'"

"गरम कप हातात घेऊन कोण वाचतं, साहेब? माझ्या दिराला तर आकडासुद्धा वाचायचा नव्हता."

"तुमचं म्हणणं काय आहे?"

तिचं म्हणणं तिलाही बोलेपर्यंत ठाऊक नव्हतं. "सात नंबर नापास आहे," ती म्हणाली. "तसं मी लिहून देते."

तिने लिहून दिलं. साहेब आठवडाभर तिच्याशी कामापुरतंही बोलले नाहीत. मग वरून कोणीतरी तो कागद वाचला असावा. सात नंबरचा साचा यंत्रावरून उतरवला गेला आणि खोकी परत यायला लागली. कारखान्यात काहीजण तिला मानायला लागले, काहीजण टाळायला लागले. कोण कशामुळे काय करतंय याचा हिशेब लागेना, तेव्हा तिने तो नाद सोडून दिला आणि आठ नंबर काढायला घेतलं. खाचेच्या आत एक पातळ, लवचीक पाळी. शिवणीची पायरी जिथे असेल तिथे आपोआप दबणारी. तीन साचे वाया गेले. चौथा जमला.

चाचणीच्या दिवशी मामांनी झाकणांना हात लावायला साफ नकार दिला. निवृत्तीला त्यांचे नऊ दिवस उरले होते. "माझा हात शहाणा झालाय," ते म्हणाले. "परीक्षेला शहाणा हात चालणार नाही." मग त्यांनीच माणसं गोळा केली. फाटकावरचा पहारेकरी आला, झाडूवाल्या बाई आल्या, हातमोजे न काढता ट्रकचा ड्रायव्हर आला, खांद्याने कानाशी फोन धरून हिशेबनीस आले. हॉस्पिटलमधून ताईला बोलावलं होतं. ती स्वतःची जाळी घेऊन आली, कोपऱ्यातल्या टेबलाशी बसली आणि काही न विचारता प्रत्येक झाकणाचं भोक बरोबर शिवणीवर आणून लावू लागली.

यंत्र फिरत राहिलं. ताईचे पन्नास कप, पन्नासही कोरडे. ताईने मान वर केली. हसली नाही, पण समोर ठेवलेल्या आपल्या रुमालाची घडी उलगडून सैल केली. हातमोज्यांचे कोरडे. झाडूवाल्या बाईंचे कोरडे. साहेब दारात येऊन उभे राहिले होते.

मग हिशेबनिसांचा एकतिसावा कप गळला.

सगळे तिथे गोळा झाले. झाकणबाईने कप उजेडात धरला. शिवण मागे होती. पाळी जागेवर होती. तडा नव्हता, कड वाकलेली नव्हती. तेच झाकण काढून पुन्हा लावलं; गळलं नाही. दुसऱ्या कपावर लावलं, गळलं नाही. कप बदलला, पाणी बदललं, गरम केलं, गार केलं. नाही ते नाहीच. पहारेकरी म्हणाला, यंत्राला धक्का बसला असेल. ड्रायव्हर म्हणाला, वाफ. ताई म्हणाली, यांचं लक्ष फोनवर होतं. हिशेबनीस म्हणाले, लक्ष फोनवर असताना आधीचे तीस कसे जमले?

तक्त्यात 'कारण' असा एक रकाना होता. तिने त्यात लिहिलं, 'कळलं नाही.'

"असं कसं लिहिता?" साहेब तिच्या खांद्यावरून वाचत म्हणाले. "काहीतरी लिहा. दाब कमी पडला, म्हणा."

"काहीतरी लिहिलं की पुढचा माणूस ते खरं धरतो, साहेब."

साहेबांनी पेन खिशाला लावलं. आठ नंबर त्यानंतर पाच महिन्यांनी बाजारात गेलं. मधल्या काळात हजारांनी कप तपासले, दुसरा गळला नाही, आणि त्या एकाचं कारण शेवटपर्यंत कोणाला सापडलं नाही. पण ते पुढचं. त्या दुपारी मात्र मामांनी हिशेबनिसांना खुर्चीत बसवलं, समोर नवा कप ठेवला आणि म्हणाले, "चला, पुन्हा लावा. मघाशी लावलं होतंत, अगदी तस्संच."

हिशेबनिसांनी फोन खांद्यावर घेतला. झाकण उचललं. सगळे श्वास रोखून त्यांच्या हाताकडे बघत होते. हात हवेतच थांबला.

"तस्संच म्हणजे कसं?" त्यांनी विचारलं.

आणि खोलीतल्या एकालाही ते सांगता येईना.